'सामाजिक उद्योजक' नेमकं कुणाला म्हणायचं?

एका बचत गटाच्या मसाल्याच्या कामावर लेख लिहितोय. शीर्षकात 'समाजसेवा' लिहिलं होतं, तर मित्राने 'सामाजिक उद्योजकता' सुचवलं. पण शाळेला संगणक भेट देणाऱ्या कारखानदारालाही हल्ली सामाजिक उद्योजक म्हणतात. दोघांना एकच शब्द कसा? आणि आपला 'सहकार' पुरत नाही का?

प्रतिसाद:
दोघांना एकच शब्द लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. कारखानदार आधी नफा कमावतो, मग त्यातला वाटा देतो. ते दान झालं. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कंपनी कायद्याने नफ्यातले २ टक्के खर्च करायला लावले, त्यालाही 'सामाजिक उत्तरदायित्व' हा वेगळा शब्द आहेच. सामाजिक उद्योजकाचं तसं नसतं. त्याचा धंदा चालतो तेव्हाच लोकांचं भलं होत असतं. धंदा थांबला की तेही थांबतं.

लिज्जतचंच बघा. १५ मार्च १९५९ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. उसने घेतले, देणगी म्हणून नव्हे. तोटा झाला तरी कुणापुढे हात पसरायचा नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची मालकीण. तिथे 'समाजसेवा' म्हटलं तर सेवा करणारं एक आणि घेणारं दुसरं असं चित्र उभं राहतं, ते त्या बायकांवर अन्याय करणारं आहे.

'ना नफा ना तोटा' हेही चालणार नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ साली ११ खाटांवर सुरू केलं. पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून न भरू शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया होतात. म्हणजे शिल्लक उरायलाच हवी!

राहता राहिला 'उद्योग'. मुळात हा शब्द उद् + युज् असा, म्हणजे झटून कामाला लागणं. 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' या म्हणीत कारखाना कुठे आहे? 'उद्योगपती'मुळे आपल्या डोळ्यांसमोर धुराडी आणि भांडवल येतं, एवढंच. हिंदीत 'उद्यमिता' म्हणतात, पण मराठीत 'उद्योजकता' रुळलाय, तो बदलायचं कारण दिसत नाही.

प्रतिसाद:
सहकाराबद्दल थोडं. 'सहकार' हा शब्द मालक कोण ते सांगतो, 'सामाजिक' हा कशासाठी ते सांगतो. म्हसवडची माणदेशी महिला बँक (१९९७) दोन्हीत बसते, अरविंद फक्त दुसऱ्यात. उलट, सगळेच साखर कारखाने सहकारी म्हणून सामाजिक उद्योग ठरत नाहीत. 'सामाजिक उपक्रम' मात्र टाळा, वृक्षारोपण आणि रक्तदान शिबिराला तो कायमचा चिकटलाय.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शीर्षक बदलतो. फक्त गटातल्या बायका 'उद्योग' म्हणतच नाहीत, 'आमचा मसाल्याचा धंदा' म्हणतात. लेखात ते सुधारू का?

प्रतिसाद:
नका सुधारू. शीर्षकात 'सामाजिक उद्योग' घ्या आणि त्यांच्या तोंडी 'धंदा'च राहू द्या. हिशेबाच्या वहीवर त्यांनी काय लिहिलंय तेही एकदा बघून घ्या.