विषय: गिनी पिग घरी येतायत, पिंजऱ्याचा संच परत करू का?

मंडळी, नमस्कार.

लेकीचा दोन वर्षांचा हट्ट आता पुरवायचा ठरलाय. पुढच्या महिन्यात दोन गिनी पिग घरी येतील. दुकानातून ‘सगळं एकात’ असा संच आणलाय: पिंजरा, पळायचं चाक, पाण्याची बाटली, लाकडाच्या भुशाची पिशवी आणि रंगीबेरंगी दाण्यांचा खाऊ. पिंजरा खोक्यावरच्या फोटोत ऐसपैस दिसत होता, प्रत्यक्षात सुटकेसएवढा निघाला. तळालाही तारांची जाळी आहे. लेक त्यात डोकं घालून म्हणाली, “आई, यात त्यांनी वळायचं कसं?” खोका अर्धाच उघडलाय आणि पावती जपून ठेवलीये. कुणी पाळलेत का? काय ठेवू, काय परत करू?

— नवशिकी आई

*

उत्तर: गिनी पिग घरी येतायत, पिंजऱ्याचा संच परत करू का?

ताई, पावती जपलीत ते बरं केलंत. बाटली ठेवा, बाकी सगळं परत करा.

चाक हॅम्स्टरला लागतं, गिनी पिगला नाही. याची पाठ चाकात नको तशी वाकते आणि मणक्याला इजा होते. आत बसवून घरभर फिरवायचा प्लॅस्टिकचा चेंडू मिळतो, तोही त्याच कारणाने नको. तारांची जमीन तर नकोच नको. यांचे तळवे उघडे आणि नाजूक असतात. तारेवर वावरून ते सोलवटतात, मग जखम चिघळते आणि ते दुखणं महिनोन्‌महिने हटत नाही. भुसा कशाचा आहे ते पिशवीवर वाचा. सीडर या वासाच्या लाकडाचा असेल तर घरात ठेवूसुद्धा नका. आपल्याला तो वास छान वाटतो, त्यांच्या श्वासाला मात्र बाधतो.

आता घराचं. यांना माडी नको, अंगण हवं. उड्या मारून वर चढणारा हा प्राणी नाही, जमिनीवर धावणारा आहे. दोघांना कमीत कमी साडेसात चौरस फूट म्हणतात, पण मी म्हणेन दहाच्या पुढे जा. आम्ही तर घरीच बांधलं. कप्पे करायच्या तारेच्या चौकोनी जाळ्या मिळतात ना, साधारण ३५ सेंटिमीटरच्या, त्या झिप टायने (प्लॅस्टिकच्या आवळपट्ट्यांनी) जोडल्या: लांबीला चार, रुंदीला दोन. खाली जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात तो पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा, कडा दुमडून ट्रेसारखा. एका दुपारचं काम. दोन गोष्टी सांभाळा. जाळीची भोकं दीड इंचाहून मोठी नकोत, पिल्लाची मान अडकते. आणि झिप टायची कापलेली टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा. आमच्या एकाचं नाक त्यावर खरचटलं, तेव्हा मला ही अक्कल आली.

लपायला प्रत्येकाला वेगळं घरटं, आणि प्रत्येक घरट्याला दोन दारं. एकच दार असलं की दांडगा दारात बसतो आणि दुसरा आत कोंडला जातो. पुठ्ठ्याचं खोकंही चालतं. कुरतडून संपवलं की दुसरं.

पैसे घालायचेच असतील तर गवतावर घाला. सुकं टिमथी गवत दिवसरात्र समोर हवं. दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावूनच झिजतात, आणि पोटही त्यावरच चालतं. अल्फाल्फा (लसूणघास) फक्त सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना किंवा गाभण मादीला. मोठ्यांना त्यातलं जास्तीचं कॅल्शियम मूतखड्याकडे नेऊ शकतं. टिमथी गवताच्या साध्या खाऊच्या गोळ्या एकाला दिवसाला दोन मोठे चमचे पुरतात.

आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही. रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीची फोड चुकवू नका. पाण्यात टाकायचे थेंब विकतात त्यांच्या नादी लागू नका. पाण्यात त्याचा जोर उतरतो, आणि चव बदलली की ही मंडळी पाणीच सोडतात.

— सहा वर्षांची जुनी गिनी पिगवाली

*

उत्तर: उत्तर: गिनी पिग घरी येतायत...

पिंजऱ्याआधी एक विचारतो. दोघे कोण आहेत?

आम्हाला दुकानात “दोघी बहिणी” म्हणून दिल्या. दोन महिन्यांनी एका सकाळी पिंजऱ्यात पाच डोकी. पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात, त्यामुळे बायको आधी म्हणाली, “अहो, रात्री कुणी आणून सोडले का?” बहिणींपैकी एक भाऊ होता! तेव्हा घरी आणल्या आणल्या नर-मादी ओळखणाऱ्या व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, दाखवा. पिल्लं झालीच तर त्यातले नर तिसऱ्या आठवड्यात वेगळे करावे लागतात, मग पिंजरेही दोन.

पण दोन पाळताय ते योग्यच. हा कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून एकटा गिनी पिग पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

— पाच डोक्यांचे काका

*

उत्तर: उत्तर: उत्तर: गिनी पिग...

भुसा परत करताय, मग अंथरायचं काय ते कुणी लिहिलंच नाही. आम्ही फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड) अंथरतो, खाली जुने टॉवेल. नवीन फ्लीस पाणी शोषत नाही, वर थेंब तसेच उभे राहतात. वापरण्याआधी तीन-चारदा गरम पाण्यात धुवा, सॉफ्टनर अजिबात न घालता. मग ओल खाली झिरपते आणि वरचं कोरडं राहतं. मशीनमध्ये टाकण्याआधी गवत आणि लेंड्या नीट झाडा. मी एकदा आळस केला, तर मशीनची जाळी तुंबली आणि पुढच्या धुण्यात ऑफिसच्या शर्टाच्या खिशात गवत निघालं, तेही मीटिंगमध्ये. धुण्याची कटकट नको असेल तर कागदाचं बेडिंग घ्या.

स्वयंपाकघरातला काटा आहे ना? आठवड्याला वजन करून वहीत लिहा. दुखणं हे प्राणी लपवतात, वजन लपत नाही. आणि दिवसभर खाल्लं नाही तर “उद्या बघू” म्हणू नका, त्याच दिवशी व्हेट गाठा. घरातली उरलेली अँटिबायोटिक तर चुकूनही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखं माणसाचं साधं औषध त्यांना जीवघेणं ठरतं.

— फ्लीसवाला

*

उत्तर: सगळ्यांना

काल संच परत केला, बाटली सोडून. लेकीने वजनाच्या वहीला कव्हरसुद्धा घातलं, अजून प्राणी यायचेत! काका, व्हेटची वेळ घेतली. ताई, त्या जाळ्या किती लागतील?

— नवशिकी आई

*

उत्तर: उत्तर: सगळ्यांना

चार बाय दोनच्या घराला बारा. आमच्या गॅरेजमध्ये बरोबर बाराच पडून आहेत, शनिवारी घेऊन जा. झिप टाय तेवढे तुमचे आणा.

— जुनी गिनी पिगवाली