मदत हवी आहे: नवीन कॉम्प्युटरवर सीडी राईट करायला आणि बॅकअपला कुठलं सॉफ्टवेअर टाकू?

टायपिंग_कोर्टाजवळ
नमस्कार मंडळी. दुकानात नवीन कॉम्प्युटर घेतलाय. जुन्यावर निरो होतं, सीडी मारणं असो की बॅकअप, सगळं त्यातच व्हायचं. नव्यात काहीच नाही. फुकट किंवा स्वस्तातलं एकच सॉफ्टवेअर सांगा ज्यात दोन्ही कामं होतील. काल राईट केलेली डीव्हीडी माझ्याकडे व्यवस्थित उघडते आणि वकीलसाहेबांच्या लॅपटॉपवर रिकामी दिसते, पक्षकार इथेच बसून आहे आणि उद्या सकाळी तारीख आहे. गुगल करून झालंय, तिकडे सगळ्या जाहिरातीच येतात. जरा लवकर सांगा.

रात्रपाळी
विंडोज कुठली? रायटर कॅबिनेटमधला की बाहेरून यूएसबीला लावायचा? राईट कशाने केली? बॅकअप कशाचा, किती जीबी? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

निरो_१९
निरोच घ्या ना पैसे भरून. सवयीचं आहे तर उगाच दुसरं कशाला शिकायचं.

दगडीचाळ
इमेजबर्न. डोळे झाकून. फुकट आहे, हलकं आहे, राईट झाल्यावर डिस्क परत वाचून तपासून पण देतं.

सुपारी_बाग
@दगडीचाळ डोळे झाकून अजिबात नको. २०१३ नंतर त्याचं नवीन व्हर्जन आलेलं नाही आणि इन्स्टॉलरबरोबर नको ती सॉफ्टवेअरं पण यायची. टाकायचंच तर प्रत्येक टिकमार्क बघून टाका.

दगडीचाळ
नवीन व्हर्जन कशाला हवं? डीव्हीडी पण तीच जुनी आहे. अजून एकदम मस्त चालतं माझ्याकडे.

टायपिंग_कोर्टाजवळ
विंडोज ११ आहे, रायटर बाहेरचा. सॉफ्टवेअर कुठलंच नाही वापरलं, डिस्क टाकल्यावर विंडोजने विचारलं की पेनड्राईव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. मी पेनड्राईव्हवालं दाबलं आणि फाईल ओढून टाकली. सीसीटीव्हीचं फुटेज आहे, ते कुठे प्लेअरवर लावायचंय.

रात्रपाळी
मग घोळ तिथेच आहे. पेनड्राईव्हवाल्या पर्यायात डिस्क "उघडी" राहते, म्हणजे नंतर अजून फाईली टाकता याव्यात म्हणून. सेशन (एका वेळचं लिहिण्याचं काम) नीट बंद झालं नसेल आणि डिस्क बाहेर काढली तर तुमच्या मशीनला ती दिसते, दुसऱ्याला दिसेलच असं नाही. तुम्ही दुसरा पर्याय घ्या, सीडी-डीव्हीडी प्लेअरवाला. नावावर जाऊ नका, साधा डेटा पण त्यातच टाकायचा. त्यात फाईल ओढली की लगेच लिहिली जात नाही, नुसती रांगेत थांबते. सगळ्या फाईली टाकून झाल्या की डिस्कच्या आयकॉनवर राईट क्लिक करून बर्न म्हणायचं, स्पीड कमीत कमी ठेवायचा, आणि पूर्ण होईपर्यंत त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही करायचं नाही. कोरी डीव्हीडी-आर वापरा, कालचीच परत नको. उद्यापुरतं तुम्हाला एकही सॉफ्टवेअर लागत नाही.

आणि रायटर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावू नका, मागे मदरबोर्डच्या पोर्टला लावा. पुढे कधी कधी करंट कमी पडतो आणि ऐंशी-नव्वद टक्क्यांवर राईट फेल जातं.

एक फाईल ४ जीबीच्या वर असेल तर मात्र यूडीएफ फॉरमॅट (डिस्कवर फाईली मांडायची एक पद्धत) लागेल, तेव्हा दगडीचाळ म्हणतायत ते इमेजबर्न उपयोगी पडेल.

लिनक्सवेडा
विंडोज काढून लिनक्स टाका, त्यातलं डिस्क राईट करायचं केथ्रीबी एक नंबर आहे. व्हायरसची कटकट कमी.

सुपारी_बाग
त्यांचं टायपिंगचं दुकान आहे हो, श्रीलिपी (मराठी टायपिंगचं) आणि पेजमेकर (पानं लावायचं) तिकडे कोण चालवून देणार? उद्या सकाळी तारीख आहे त्यांची.

काळा_कोट
फुटेज कोर्टात द्यायचंय म्हणून लिहितो. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या जुन्या ६५ब कलमाच्या जागी आता कलम ६३ आहे आणि त्या पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (फाईलवरून निघणारा तिचा ठसा, फाईल बदलली की तोही बदलतो) लिहायची आहे. विंडोजमध्येच सर्टयूटिल म्हणून कमांड आहे, तिने शा-२५६ प्रकारचा हॅश काढता येतो. डीव्हीआरमधून (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र) जी फाईल निघाली तिचाच हॅश काढा आणि तीच डिस्कवर टाका. कृपा करून "सोयीसाठी" ती एमपीफोर करून देऊ नका, कन्व्हर्ट केली की हॅश बदलला. फाईल साध्या प्लेअरमध्ये चालत नसेल तर त्या डीव्हीआर कंपनीचा प्लेअर पण त्याच डिस्कवर टाका, नाहीतर कोर्टात सगळे नुसते स्क्रीनकडे बघत बसतात. प्रमाणपत्राचा मजकूर मात्र वकीलच ठरवतील, तुम्ही नाही.

फाईलचं नाव लहान ठेवा. दुकानवाले वादी-प्रतिवादी, दावा नंबर, तारीख सगळं मराठीत नावात घालतात. डिस्कच्या जोलिएट फॉरमॅटमध्ये नावाला ६४ कॅरेक्टर मिळतात आणि काना, मात्रा, हलन्त प्रत्येक वेगळा मोजला जातो, त्यामुळे नाव मध्येच तुटतं.

शेअर_कट्टा
नवीन मशीनला एसएसडी घेतली की साधी हार्डडिस्क? एसएसडी नसेल तर परत करा आणि बदलून घ्या.

टायपिंग_कोर्टाजवळ
रात्रपाळी, तुम्ही सांगितलं तसं केलं, वकीलसाहेबांच्या लॅपटॉपवर उघडली. खूप आभार. काळा कोट साहेब, हॅशचं त्यांना फोनवर सांगितलं, तेही तेच म्हणाले. फाईल ४ च्या आतलीच होती.

आता बॅकअपचं सांगा. डी ड्राईव्हला सगळी जुनी कामं आहेत, १८० जीबीच्या आसपास. डीव्हीडीवर घ्यायचा विचार आहे.

रात्रपाळी
४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३८ च दिसते. म्हणजे चाळीसच्या वर डिस्क, आणि एक फाईल शोधायची तर सगळा गठ्ठा पालथा घालायचा. नका करू. दोन एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या. विंडोजचं फाईल हिस्टरी फुकट आहे, फक्त ते डी ड्राईव्ह आपोआप घेत नाही, डी मधलं फोल्डर लायब्ररीत जोडावं लागतं. बहुतेक दुकानात सगळं डी लाच असतं आणि लोक निर्धास्त राहतात. अख्ख्या सी ड्राईव्हची इमेज (हुबेहूब प्रत) पाहिजे असेल तर वीम एजंटची फुकट आवृत्ती बघा. मॅक्रियमचं तसलंच फुकटवालं सुचवणारे अजून भेटतील, पण कंपनीने ते २०२४ च्या सुरुवातीला बंद केलंय.

बिनतोड
डीव्हीडीला एवढं मोडीत काढू नका. रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला की जोडलेली हार्डडिस्क पण त्याच्याबरोबर लॉक होते. एकदा लिहून बंद केलेल्या डीव्हीडी-आर वर कुठला व्हायरस काय करणार? महत्त्वाचं तेवढं डिस्कवर असलंच पाहिजे.

सुपारी_बाग
त्यासाठी हार्डडिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची, संपला विषय. साध्या डीव्हीडी-आर मध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, उन्हात आणि दमट हवेत तो खराब होतो. आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. पुढे रायटर तरी मिळेल का?

बिनतोड
एम-डिस्क (जास्त टिकणारी डिस्क) घ्या मग, तिचा थर सेंद्रिय नसतो. आणि हार्डडिस्क "काढून ठेवायची" हे किती जण करतात ते मला माहितीये, ती कायम मागे लावलेलीच असते.

वाशिष्ठीकाठ
तुमचं दोघांचं चालू द्या, पण कॉपी ठेवायची कुठे ते कोणी बोलेना. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतल्या एका स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर खाली आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच दुकानात काऊंटरच्या कपाटात. दोन्ही चिखलात. लोकांच्या लग्नाचे फोटो होते हो त्यात, परत कुठून आणणार? एक हार्डडिस्क दुकानात, दुसरी घरी, तीही वरच्या मजल्यावर. दर शनिवारी अदलाबदल करा.

काळा_कोट
+१. आणि श्रीलिपीतली कामं असतील तर फॉन्टचं फोल्डर आणि इन्स्टॉलर पण बॅकअपला घ्या. जुन्या कामांत युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं टायपिंग) नसतं, फॉन्ट नसला तर फाईल उघडते पण मजकूर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डाँगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबीची चावी) असेल तर ते पण जपा, त्याचा काही बॅकअप होत नाही.

टायपिंग_कोर्टाजवळ
फॉन्टचं डोक्यातच आलं नव्हतं. ते जुन्या मशीनच्या सी ड्राईव्हला आहेत आणि ते मशीन एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरलंय. आधी ते काढतो. हार्डडिस्क १ टीबीच्या दोन घेतो, एक घरी. वीम एजंट टाकताना अडलो तर इथेच विचारेन.

रात्रपाळी
मशीन देऊ नका आत्ताच. बॅकअपमधून पाच-सहा फाईली नव्या कॉम्प्युटरवर परत आणून उघडून बघा, त्यात एक श्रीलिपीतली असू द्या. सगळ्या उघडल्या की मगच द्या.

नवा_सभासद_कोल्हापूर
माझा पण सेम प्रॉब्लेम आहे, डिस्क दुसरीकडे रिकामी दिसते. पण माझ्याकडे मॅक आहे. काय करू?

रात्रपाळी
वेगळा धागा काढा आणि त्यात मॅकचं मॉडेल, रायटर आणि डिस्कचा प्रकार लिहा.