क्रूझ बंदराला लागली, आता आपले आपण : बर्गनचे अनुभव लिहा

मागच्या जूनमध्ये आईबाबांना घेऊन नॉर्वेची क्रूझ केली. बर्गनला जहाज सकाळी आठला लागलं, साडेचारला सगळे आत हवेत अशी तंबी. जहाजाच्या सहलीचे दर पाहून बाबा म्हणाले, "एवढ्यात आपण शिर्डीला जाऊन येऊ, तेही विमानाने." मग आपले आपण निघालो. जहाज स्कोल्टेनच्या धक्क्याला होतं. बाहेर पडलं की किल्ला, किल्ल्यावरून पुढे गेलं की ब्रिग्गेनची ती रंगीत लाकडी घरं. आईच्या चालीने पंधरा मिनिटं.

आधी फ्लॉयबानेन गाठली. १९१८ पासून डोंगर चढणारी ही गाडी पाच-सहा मिनिटांत ३२० मीटरवर नेते. नऊच्या आत पोचलो म्हणून रांग नव्हती. खाली आलो तेव्हा रांगेचं शेपूट रस्त्यावर आलं होतं. वर शेळ्या मोकळ्या चरतात, गळ्यात घंटेऐवजी जीपीएसचे पट्टे! अख्खं बंदर पायाशी पसरलेलं, आणि बाबांच्या फोनमध्ये नुसत्या शेळ्या.

तुमच्यापैकी कोणी स्वतःचं स्वतः बर्गन पाहिलंय का? चुकलात, फसलात, भिजलात, सगळं लिहा.

*

भिजणं म्हणाल तर पहिला नंबर आमचा. समुद्रावरून आलेले ढग तिथल्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. छत्री दोनदा उलटी झाली, मग मिटून ठेवली. रेनकोटच न्या.

बरोबर साबा (सासूबाई) होत्या, माहेर सातपाटी. ब्रिग्गेनचे फोटो सगळे समोरून काढतात, पण खरी मजा घरांच्या मधल्या बोळांत आहे. पायाखाली फळ्या, भिंती एकमेकींकडे झुकलेल्या, ओल्या जुन्या लाकडाचा वास. मागच्या चौकात लाकडाचा एक भलाथोरला मासा आहे. साबा म्हणाल्या, "ह्याला का मांडून ठेवलाय?" म्हटलं, ह्याच्यावरच तर गाव उभं राहिलं. उत्तरेत लोफोटेनला कॉड मासा मीठ न लावता थंड वाऱ्यावर टांगून वाळवायचे, तो इथे यायचा. चौदाव्या शतकापासून हान्सा या व्यापारी संघाचे जर्मन व्यापारी तो युरोपभर विकायचे आणि बदल्यात धान्य आणायचे. "म्हणजे आपले वलांडीवरचे बोंबीलच की!"

१७०२ च्या आगीत सगळं जळलं, मग जुन्याच पद्धतीने पुन्हा बांधलं. १९७९ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. आगीच्या धास्तीने या घरांत चूल पेटवायची नाही, स्वयंपाक मागच्या वेगळ्या इमारतींत. साबांनी विचारलं, "मग बायका ये-जा करून दमत असतील?" बायका नव्हत्याच, तिथल्या व्यापाऱ्यांना लग्नाची बंदी होती. साबांनी एकवार त्या भिंतींकडे पाहिलं. "तरीच घरं अशी वाकडी."

*

मासळीबाजार बघा, पण भूक लागलेली असताना जाऊ नका. आणि क्रोनरचे रुपये करत बसू नका, घास उतरणार नाही. आम्ही स्किलिंग्सबोले घेतले, दालचिनी घातलेला गुंडाळीचा गोड पाव. एकात सकाळ निघते. नळाचं पाणी बिनधास्त प्या. रोख पैसे बदललेच नाहीत, सगळीकडे कार्ड चाललं.

*

जहाज कुठल्या धक्क्याला लागणार हे आदल्या रात्री नक्की बघा. आमचं येक्तेविकेनला होतं. तिथे बंदराच्या आवारात पायी फिरू देत नाहीत, फुकटची बस गावात सोडते आणि तीच परत आणते. ही बस आम्ही हिशेबात धरलीच नाही.

फ्लॉयबानेनच्या त्या डोंगरावरून, फ्लॉयेनवरून, पायी उतरू म्हटलं, पाऊण तासाची नागमोडी वाट. पण वरच्या जंगलात लेकाला लाकडी ट्रोल (तिकडच्या लोककथांतले राक्षस) सापडले आणि तो हलेना. प्रत्येकाच्या नाकाला हात लावून झाला. खाली आलो तेव्हा तीन पस्तीस, बसला ही भलीमोठी रांग, आणि चारला जहाजात हजेरी! दोन बस डोळ्यांदेखत भरून गेल्या. जहाजाची सहल लांबली तर जहाज थांबतं, आपल्यासाठी थांबत नाही, हे नवऱ्याने मला तिथेच समजावून सांगायला घेतलं. शिडीपाशी पोचलो तेव्हा चारला चार कमी. लेक म्हणाला, परत जाऊया?

*

थोडा उलटा सूर लावते. आम्ही जहाजाचीच सहल घेतली, पस्तावा नाही. बाबांचे गुडघे आणि मला बघायचं होतं संगीतकार ग्रीगचं घर, ट्रोल्डहाउगेन. ते गावाबाहेर आहे. तळ्याकाठी त्याची एका खोलीची झोपडी, आत पियानो. माणूस बुटका, म्हणून खुर्चीवर बेथोवनच्या स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक ठेवून बसायचा. ब्रिग्गेनला मात्र वीसच मिनिटं दिली, तेवढ्यात एक चुंबक घेऊन झालं.

*

साबांचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती अजून हसतेय. येक्तेविकेनवाल्या ताई, ते ट्रोल वरच्या स्थानकापासून किती लांब? यंदा भाऊ जातोय, त्याची मुलगी पाच वर्षांची आहे.