पिचरच्या हातावर २४ कोटी डॉलर लावावेत का?

पोटोमॅककाठचा

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) तारिक स्कूबल याचा डेट्रॉइट संघाशी असलेला करार २०२६ च्या हंगामाअखेर संपतो. २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन साय यंग (दोन्ही लीगांतल्या सर्वोत्तम पिचरला दरवर्षी मिळणारा एकेक पुरस्कार), त्यात डावखुरा. सगळे मोठे संघ रांगेत उभे राहणार हे उघड आहे. तरीही माझं मत ठाम आहे: तिशी गाठलेल्या पिचरला पाच वर्षांपेक्षा लांब करार देऊ नये. स्कूबललाही नाही.

मी वॉशिंग्टन नॅशनल्सचा चाहता आहे, म्हणून हे बोलतोय. २०१९ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्गने नियमित हंगामात २०९ इनिंग्ज टाकल्या (इथे एक इनिंग म्हणजे तीन बाद), नॅशनल लीगमध्ये, म्हणजे दोन लीगांपैकी आमच्या लीगमध्ये, सर्वांत जास्त. प्लेऑफमध्ये आणखी ३६. पाच विजय, एकही हार नाही, आणि वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू. एकूण २४५ इनिंग्ज. डिसेंबरमध्ये संघाने त्याला ७ वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलर दिले. दोन आकडे असे जुळले ते मला अजून टोचतं.

करारानंतर तो किती खेळला? आठ सामने. ३१ इनिंग्ज. मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दाबल्या जात होत्या, त्यासाठी २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, एक बरगडी काढावी लागली. जून २०२२ मध्ये मायामीत शेवटचा सामना आणि एप्रिल २०२४ मध्ये निवृत्ती. बेसबॉलमध्ये कराराची रक्कम हमीची असते, म्हणजे जखमी झाला म्हणून संघ हात वर करू शकत नाही. तसं करूही नये. स्ट्रासबर्गबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. माझ्या मुलीच्या कपाटात त्याची ३७ नंबरची जर्सी आहे आणि ती तिथेच राहणार. माझा वाद आहे तो करारावर सही करणाऱ्यांशी.

हडसनपार

साफ असहमत. तुमचा नियम तुमच्याच संघाला लावून बघा. जानेवारी २०१५, मॅक्स शेर्झर, वय ३०, करार ७ वर्षांचा, २१ कोटी डॉलर. तुमच्या हिशेबाने हा करार व्हायलाच नको होता. त्याने काय दिलं? २०१६ आणि २०१७ चा साय यंग, आणि २०१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्याची सुरुवात. तीन दिवस आधी मान इतकी आखडली होती की पाचवा सामना त्याला खेळता आला नव्हता. शेर्झर नसता तर करंडक आला असता का, हे तुम्हीच सांगा.

पोटोमॅककाठचा

शेर्झरचा करार उत्तम ठरला, मान्य. पण एका शेर्झरमागे किती जण आहेत बघा. २००० साली कोलोरॅडोने माइक हॅम्पटनला ८ वर्षांचे १२.१ कोटी दिले, दोन हंगामांत त्याला दुसरीकडे पाठवावं लागलं. सान फ्रान्सिस्को जायंट्सने बॅरी झिटोला ७ वर्षांचे १२.६ कोटी दिले आणि २०१० च्या प्लेऑफसाठी त्याचं नाव यादीतही नव्हतं. आमचाच पॅट्रिक कॉर्बिन, ६ वर्षांचे १४ कोटी, पुढची वर्षं हरण्यात गेली. गेरिट कोल, ९ वर्षांचे ३२.४ कोटी, मार्च २०२५ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया आणि अख्खा हंगाम बाहेर. कॉर्बिन बर्न्स, ॲरिझोनाने २१ कोटी दिले आणि पहिल्याच जूनमध्ये तीच शस्त्रक्रिया.

क्रिकेटवाला_ठाणे

मध्येच विचारतो. आपल्याकडे वेगवान गोलंदाजांची पाठ जाते, बुमराहचंच उदाहरण घ्या. मग पिचरांचं कायम कोपरच का जातं?

मनगट_आणि_कोपर

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून उत्तर देतो. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. हात जवळजवळ सरळच फिरतो, वेग धाव घेऊन मिळवायचा, आणि पुढचा पाय जमिनीवर आदळला की तो धक्का पाठीत जातो. पिचरला धाव घेता येत नाही. तो उंचवट्यावर उभा असतो आणि वाकलेला हात चाबकासारखा झटकतो. त्या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूचा एक छोटा लिगामेंट ताणला जातो. तो तुटला की शरीरातल्या दुसऱ्या जागचा टेंडन काढून तिथे बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, त्याचंच नाव तिला पडलं. परत यायला साधारण एक ते दीड वर्ष लागतं.

आता प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतात. शंभर मैलांचा वेग पूर्वी नवलाचा होता, आता नाही. म्हणून धाग्यातल्या दोघांनाही सांगतो, जुन्या पिचरांच्या करारांवरून आजच्या हाताचा अंदाज बांधू नका.

टेक्सासचा_सदा

मी रेंजर्सवाला. जेकब डिग्रॉमला ३४ व्या वर्षी ५ वर्षांचे १८.५ कोटी दिले तेव्हा आमच्या ऑफिसात सगळे वेड्यात काढत होते. २०२३ मध्ये सहा सामने खेळला आणि कोपर गेलं. त्या वर्षी आम्ही वर्ल्ड सिरीज जिंकलो, त्याच्याविना. २०२४ मध्ये जेमतेम तीन सामने. मीही आशा सोडली होती. मग २०२५ मध्ये पठ्ठ्या ३० सामन्यांत सुरुवातीपासून उतरला, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) २.९७. पाच वर्षांचा हिशेब दुसऱ्या वर्षी मांडू नये, एवढंच.

हडसनपार

आणि पोटोमॅककर, पैसे पिचरऐवजी फलंदाजाला दिले की सुरक्षित, हा समजही काढून टाका. २०१९ च्या त्याच आठवड्यात तुमचा अँथनी रेंडॉन एंजल्स संघाकडे गेला. ७ वर्षं, २४.५ कोटी. स्ट्रासबर्गइतकीच वर्षं आणि तेवढीच रक्कम! तिथे एकाही हंगामात त्याने ५८ पेक्षा जास्त सामने खेळले नाहीत.

पॅट्रिक कॉर्बिनचंही राहिलं. २०१९ च्या सातव्या सामन्यात शेर्झरनंतर कोण आला? कॉर्बिनच. तीन इनिंग्ज, धाव एकही नाही, विजय त्याच्याच नावावर.

पोटोमॅककाठचा

हे खरं आहे. त्या रात्री मी रडलो होतो आणि आज त्याचंच नाव यादीत घातलं. कॉर्बिनचं नाव मागे घेतो.

रेंडॉनचा मुद्दाही बरोबर. पण त्यातून लांब करार चांगले ठरत नाहीत, फलंदाजांचेही वाईट असू शकतात एवढंच ठरतं. स्ट्रासबर्गसारख्या करारात पैसे अडकले की काय होतं बघा: आम्ही २०२२ मध्ये १०७ सामने हरलो, त्याच वर्षी आमचा फलंदाज हुआन सोटो याला सान डिएगोला पाठवलं.

हडसनपार

सोटोला ४४ कोटी देऊ केले होते तुमच्या संघाने, तोच नाही म्हणाला. ते स्ट्रासबर्गच्या माथी मारू नका.

कष्टाचा_हिशेब

तुम्ही सगळे मालकाच्या खिशाची काळजी करताय म्हणून लिहितो. खेळाडूला हव्या त्या संघाशी करार करायला मोकळं व्हायचं तर सहा वर्षांची सेवा लागते. पहिली तीन वर्षं संघ देईल तेवढंच घ्यायचं, पुढची तीन लवादाच्या आधाराने. पॉल स्कीन्सने नॅशनल लीगचा २०२५ चा साय यंग ८ लाख ७५ हजार डॉलरवर जिंकला. कोपर तोपर्यंत झिजतं, वेग तेव्हाच सर्वांत जास्त असतो, आणि त्याची किंमत मिळते तिशीत. म्हणजे ज्याला तुम्ही धोक्याचा करार म्हणता त्यात थकलेली मजुरीच जास्त आहे. तिशीनंतर पाच वर्षांची मर्यादा घातलीत तर हा माणूस दोन्हीकडून नागवला जाईल. स्ट्रासबर्गला २०१० मध्ये, पदार्पणाच्याच वर्षी, कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली होती. त्याचा हात कुठल्या वयात खर्ची पडला ते बघा.

पोटोमॅककाठचा

तुमचं निम्मं मला पूर्ण पटतं. स्कीन्सला ८ लाख मिळणं हा अन्याय आहे. पण त्यावर उपाय म्हणजे पैसे आधी द्या, २५ व्या वर्षी द्या. लॉस एंजेलिस डॉजर्सने जपानी पिचर यामामोटोला २५ व्या वर्षीच १२ वर्षांचे ३२.५ कोटी दिले. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने तीन सामने जिंकले, सहाव्या सामन्यात पिचिंग केलं आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात पुन्हा उतरला. तो करार लांब आहे तरी माझी तक्रार नाही. वयाबद्दलच तर बोलतोय मी.

मनगट_आणि_कोपर

त्याच यामामोटोचा २०२४ चा अर्धा उन्हाळा खांद्याच्या दुखण्यात गेला होता. २५ चं वय म्हणजे कवच नव्हे.

हडसनपार

बरं, थेट विचारतो. स्कूबल नोव्हेंबर २०२६ मध्ये तिशीचा होईल. तुम्ही पाच वर्षं देऊ करणार, दुसरा कोणी आठ देणार, आणि तो तिकडे जाणार. उद्या तो फिलाडेल्फिया किंवा न्यूयॉर्कच्या जर्सीत तुमच्याविरुद्ध वर्षातून तीनदा उभा राहिला तर?

पोटोमॅककाठचा

तर तीनदा हरू. पाच वर्षांसाठी मी त्याला वर्षाला ५ कोटी देईन, कुणाहीपेक्षा जास्त. सहावं वर्ष नाही देणार.