जुन्या फोटोतली मोटार आणि तिचं साल कसं ओळखायचं? (कोल्हापूर)

शिवाजीपेठकरीण

नमस्कार मंडळी. माहेरच्या जुन्या घराचं छप्पर उतरवायला काढलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत फोटोंचा गठ्ठा निघाला. बहुतेक लग्नातले नि तालमीतले आहेत, पण तीन फोटोंत मोटारी आहेत आणि त्यांच्यावरून घरात वाद पेटलाय.

पहिला: काळ्या दगडी कमानींपुढं उघडी मोटार, टप मागं दुमडलेला. आत चौघं फेटेवाले, फूटबोर्डावर एक पोरगा उभा. मागं वर अष्टकोनी मनोरा दिसतो, म्हणजे जागा नवा राजवाडाच. थोरले काका ठामपणे सांगतात, ही शाहू महाराजांची मोटार.

दुसरा: तळ्याकाठी दुसरीच एक मोटार. रंकाळा असावा. पण स्टिअरिंग डावीकडं आहे, म्हणून आतेभाऊ म्हणतो फोटो परदेशातला.

तिसरा: सर्व्हिस मोटार, म्हणजे उतारू नेणारी जुनी बस. टपावर ट्रंका, बोचकी, कोंबड्यांची डालगी, आणि मागच्या बाजूला बंबासारखं काहीतरी उभं बसवलंय.

गणपतीला सगळं घर जमतं, तेव्हा वाटायला एक छोटी पुस्तिका करतेय. त्यात चुकीचं साल छापून पुढच्या पिढीच्या माथी मारायचं नाही. आमच्या घरात मोटार कधीच नव्हती, पणजोबा दरबारात कारकून होते एवढंच माहीत आहे. सुरुवात कुठून करू? कुणाला दाखवू?

रंकाळ्याचा_वारा

वाचतोय. माझ्याकडं पन्हाळ्याच्या वाटेवरचा असाच एक फोटो आहे. तोही वर्षानुवर्षं 'आजोबांच्या मित्राची गाडी' म्हणूनच पडलाय.

उद्यमनगर_गॅरेज

ताई, आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मोटार ओळखली म्हणजे फोटोचं साल कळलं, असं होत नाही. मोटारीवरून एवढंच कळतं की फोटो त्याच्या आधीचा नाही. आपल्याकडं एकेक गाडी वीस-वीस वर्षं पळवायचे. मालक बदलायचे, टप फाटला की नवा शिवायचे, मूळची उघडी बॉडी काढून चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) लाकडी बॉडी चढवायचे आणि तीच गाडी सर्व्हिसला लावायचे. त्यामुळं गाडी १९२० ची आणि फोटो १९३५ चा, हे अगदी रोजचं.

आता बघायचं कसं. पहिली नजर रेडिएटरवर. त्या काळात कंपनीची ओळख तिथंच असायची. तुमच्या पहिल्या फोटोत रेडिएटरच्या खाली भिंग लावून बघा. एकच आडवा पाटा (म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग) या चाकापासून त्या चाकापर्यंत गेलाय आणि मधे उंच आहे, असं दिसलं तर ती फोर्ड मॉडेल टी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बाकीच्या बहुतेक गाड्यांना पुढं दोन पाटे, तेही लांबीच्या दिशेनं. मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, पण तिच्यात फरक होत गेले. पितळी चकचकीत रेडिएटर असेल तर १९१६ पर्यंतची. १९१७ च्या मॉडेलपासून रेडिएटरला काळं कवच आलं आणि बॉनेट गोलसर झालं. पुढची काच ताठ उभी असेल तर १९२२ पर्यंतची धरा, १९२३ च्या मॉडेलला ती मागं कलती झाली.

मग दिवे. मोठे पितळी, वर छोटी चिमणी आणि खालून रबरी नळी गेलेली, म्हणजे कार्बाइडच्या गॅसचे. अशा गाडीच्या फूटबोर्डावर गॅसचा डबा किंवा टाकी सापडते. नळी नाही, चिमणी नाही, तर विजेचे. फोर्डला विजेचे हेडलाइट १९१५ पासून.

मग पुढच्या चाकाचा मध्य बघा. १९२० नंतर चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असायचे. पुढच्या चाकात आऱ्यांच्या मागं मोठा ड्रम दिसला तर गाडी सहसा त्यानंतरची. मॉडेल टीला मात्र शेवटपर्यंत पुढं ब्रेक नव्हतेच.

इंजिन हातानं फिरवून चालू करायचं हँडल पुढं लोंबतंय म्हणून गाडी फार जुनी, असं बरेच जण सांगतात. त्याला अर्थ नाही. सेल्फ (बटणावर इंजिन चालू करणारा स्टार्टर) आल्यावरही हँडल राहिलंच. आमच्या वडिलांनी साठच्या दशकातल्या गाड्यासुद्धा थंडीत हँडल मारून चालू केल्यात.

तिसऱ्या फोटोचं उत्तर तर बसल्या जागी देतो, कारण आमच्या आजोबांची सगळी उमेद त्या बंबापुढं गेली. तो कोळशाच्या गॅसचा प्लँट. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा लाकडी कोळसा कमी हवेत जाळून निघणाऱ्या गॅसवर गाड्या पळवल्या. गाडी सुटायच्या बरंच आधी क्लीनर यायचा, खालचं दार उघडून काकडा आत सारायचा आणि हातानं पंखा फिरवत बसायचा. गॅस नीट धरला की नळाच्या तोंडाशी पेटवून ज्योत बघायची, मगच इंजिन चालू करायचं. पेट्रोलपेक्षा ताकद कमी, म्हणून घाटात उतारू खाली उतरून चालायचे. एवढं सगळं आजोबांच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा हा फोटो १९४० ते ४६ च्या आसपासचा. मडगार्डाची कड पांढरी रंगवलेली किंवा हेडलाइट अर्धे झाकलेले दिसले तर आणखी पक्कं, कारण ती युद्धातल्या ब्लॅकआउटची, म्हणजे रात्री दिवे झाकायच्या सक्तीची खूण. एस.टी. १ जून १९४८ ला पुणे–नगर मार्गावर सुरू झाली. त्यामुळं ही खासगी सर्व्हिसच. बॉडीवर मालकाचं किंवा मार्गाचं नाव रंगवलेलं असणार, तेवढं शोधाच.

काचेची_निगेटिव्ह

दुसऱ्या फोटोबद्दल. ताई, फोटो परदेशातला ठरवण्याआधी तो उलटा छापलाय का ते बघा. आमच्या घरात स्टुडिओचा धंदा होता, काचेच्या निगेटिव्हा मी लहानपणापासून हाताळल्यात. काच चुकीच्या बाजूनं कागदाला लावली की डावं-उजवं सगळं फिरतं, आणि घाईत हे सर्रास व्हायचं. पुरुषांच्या कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडं असतो, डावा पल्ला उजव्यावर येतो. बाईमाणूस असेल तर पदर डाव्या खांद्यावरून. हे फिरलेलं असेल तर स्टिअरिंगही फिरलंय. नंबरप्लेटची अक्षरं उलटी असतील तर प्रश्नच मिटला.

रंगावरून निष्कर्ष काढू नका, ही हात जोडून विनंती. त्या काळच्या बहुतेक काचांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं ते काळं उमटायचं, भगवं गडद यायचं, आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणून फोटोतला काळा फेटा खरा तांबडा असू शकतो. 'गाडी काळी' हेही तसंच. अशा फोटोंना हल्ली ॲपमध्ये टाकून रंग भरतात आणि तोच रंग खरा म्हणून फिरवतात, त्यानं फार नुकसान होतंय.

आणि छपराचं काम चालू आहे तोवर गठ्ठा त्या घरात ठेवू नका. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतील तर सोडवू नका. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव दाबून उमटवलेलं असतं, ते कित्येकदा फोटोपेक्षा जास्त सांगतं. दिसत नसेल तर अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरून बघा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागं बॉलपेननं लिहू नका, मऊ शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. काचा निघाल्या तर ओल्या फडक्यानं पुसू नका, थर सुटून येतो. एकीवर एक न रचता कडेवर उभ्या ठेवा. आपल्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेली ट्रंक हा फोटोंचा सगळ्यात मोठा शत्रू. स्कॅन किमान ६०० डीपीआयला, छोट्या प्रिंटला १२००, आणि पाठची बाजूही स्कॅन करा, कोरी दिसली तरी.

शिवाजीपेठकरीण

भिंग घेऊन बसले. दुसऱ्या फोटोत तिघांच्याही कोटाचा खिसा उजवीकडं आहे! आतेभावाला लगेच फोन केला.

पहिल्यात आडवा पाटा स्पष्ट आहे. रेडिएटर काळा, काच ताठ, दिव्यांना नळी नाही, पुढं ड्रम नाही. म्हणजे १९१७ ते २२ मधली फोर्ड ना? मग काकांचं म्हणणं बसू शकतं का? तिसऱ्यात मडगार्डाची कड पांढरी आहे, पण बॉडीवरची अक्षरं ट्रंकांच्या सावलीत गेलीत.

करवीर_दफ्तर

बसू शकतं, पण सिद्ध होत नाही, आणि या दोन्हींतलं अंतर पुस्तिकेत दिसलं पाहिजे. शाहू महाराज ६ मे १९२२ ला गेले. गाडी त्यांच्या हयातीतली असू शकते. पण फोटो नंतरचाही असू शकतो, आणि गाडी कुणा पाहुण्याची, अधिकाऱ्याची किंवा कंत्राटदाराचीही असू शकते. दसऱ्याच्या मिरवणुकीत राजघराण्याची ती प्रसिद्ध मेबॅक मोटार बघून आपल्याला राजवाड्यापुढची प्रत्येक मोटार महाराजांची वाटते. ती मेबॅक एसडब्ल्यू ३८ जातीची. हे मॉडेलच १९३६ ला आलं, म्हणजे तो शाहू महाराजांनंतरच्या राजाराम महाराजांचा काळ.

इमारतीवरून तुमचा फोटो फारसा आवळता येणार नाही, कारण नवा राजवाडा १८८४ लाच पूर्ण झाला होता. रंकाळ्याच्या फोटोत मात्र इमारत कामाची. आधी फोटो संगणकावर सुलटा करा, मग पलीकडचा काठ बघा. शालिनी पॅलेस १९३१ ते ३४ मध्ये बांधला. त्याचा मनोरा दिसला तर फोटो त्याआधीचा नाही. दिसला नाही तर मात्र काहीच ठरत नाही, कारण कॅमेऱ्याचं तोंड दुसरीकडं असू शकतं. पॅलेसची जागा मोकळी आहे असं ओळखू आलं, तरच फोटो त्याआधीचा म्हणा.

कोल्हापुरापुरती आणखी एक सावधगिरी. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. प्रभात फिल्म कंपनीही १९२९ ला इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. त्यामुळं जुन्या ट्रंकांत सिनेमाच्या चित्रीकरणाचे फोटोही निघतात. माणसं फार नीटनेटकी उभी असतील आणि सगळ्यांची नजर एकाच बाजूला असेल, तर हीही शक्यता धरून ठेवा.

दाखवायचं कुठं: आधी करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालची संस्था आहे. तिथं जुनी वर्तमानपत्रं चाळा आणि मोटारींच्या जाहिराती बघा. शिवाजी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय दुसरं. खरा पुरावा पाहिजे असेल तर कोल्हापूर पुराभिलेखागारात संस्थानचं दफ्तर. मोटारखात्याची खरेदी, दुरुस्ती, पेट्रोलचा खर्च असले कागद मागून बघा. पणजोबा कारकून कुठल्या खात्यात होते? फोटो तुमच्या घरी का आला, याचं उत्तर तिथं मिळायची आशा मला गाडीपेक्षा जास्त वाटते. गाडीच्या बारकाव्यांसाठी मुंबईचा व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, त्यांना पुढच्या भागाचा मोठा स्कॅन पाठवा.

काकांचं सांगणंही टाकून देऊ नका. 'घरात असं सांगतात' म्हणून काकांच्या नावानिशी छापा. तोंडी आठवण हाही कागदच आहे, फक्त त्यावर साल नसतं.

शिवाजीपेठकरीण

पणजोबांच्या पेन्शनीचा एक कागद आत्याकडं आहे, त्यावर खातं असेल. मागवते.

पहिल्या फोटोखाली असं लिहू का: 'नवा राजवाडा. मोटार फोर्ड मॉडेल टी, १९१७ ते २२ मधली बनावट. फोटो १९१७ नंतरचा. मोटार शाहू महाराजांची होती असं थोरले काका सांगतात.'

करवीर_दफ्तर

अगदी असंच. फोटो कुणाकडून मिळाला आणि ट्रंक कुठं होती, हेही एका ओळीत घाला.

उद्यमनगर_गॅरेज

झकास. आणि फूटबोर्डावरचा पोरगा कोण ते विचारा घरात. माणूस ओळखू आला तर त्याच्या वयावरून साल गाडीपेक्षा जवळ येईल. तिसऱ्या फोटोतली अक्षरं वाचायला मूळ प्रिंट बघायला आवडेल.

काचेची_निगेटिव्ह

मूळ प्रिंट कुणाच्या हाती देऊन पाठवू नका, ताई. मंगळवार पेठेत माझ्याकडं मोठा स्कॅनर आहे. तुम्ही स्वतः घेऊन या, समोर बसून स्कॅन करू. सावलीतली अक्षरं तिथंच उजळून बघता येतील, उद्यमनगरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनाही बोलावू.