खालच्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावला की ४ टीबीची डिस्क गायब! (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

डेस्कटॉपमध्ये डिस्क वाढवायला घेतल्या आणि पहिल्याच पायरीवर गाडं अडलंय. जाणकारांनी मदत करावी.

मदरबोर्डवर चार सॅटा पोर्ट (केबलने डिस्क जोडायचे) आणि दोन एम.२ स्लॉट (पट्टीसारखे छोटे एसएसडी थेट बसवायचे) आहेत. वरच्या एम.२मध्ये एनव्हीएमई (वेगवान प्रकारचा) एसएसडी, त्यावर विंडोज. सॅटावर एक अडीच इंची एसएसडी आणि तीन मोठ्या हार्डडिस्क, म्हणजे चारही पोर्ट भरलेले. जुन्या लॅपटॉपमधला एक एम.२ एसएसडी पडून होता, तो खालच्या स्लॉटमध्ये बसवला. तो लगेच दिसला, पण चौथ्या पोर्टवरची ४ टीबीची डिस्क थेट बायोसमधूनच (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमधून) नाहीशी झाली. एसएसडी काढला की डिस्क परत हजर. केबल बदलून पाहिली, फरक शून्य.

दुसरं दुखणं वेगळंच आहे. एका एक्स्टर्नल डिस्कच्या डब्यातून काढलेली १२ टीबीची डिस्क आहे. डब्यात छान चालायची. कॅबिनेटमध्ये एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) सॅटा पॉवर जोडली तर ती फिरतसुद्धा नाही. हात लावून पाहिलं, जराही थरथर नाही. त्याच केबलवर बाकीच्या डिस्क व्यवस्थित चालतात.

मला सगळ्याच डिस्क आत हव्या आहेत. सॅटा पोर्ट वाढवणारं कार्ड घ्यावं का, कोणतं घ्यावं, आणि एका पॉवर केबलवर किती डिस्क लादता येतात? रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) वगैरे नको, प्रत्येक डिस्क वेगळी दिसली की झालं.

प्रतिसाद १

डिस्क ठीक आहे, बोर्डही ठीक आहे. आधी एक सांगा, त्या जुन्या एसएसडीच्या सोनेरी कडेला खाचा किती आहेत, एक की दोन? आणि बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचा. ठळक अक्षरात लिहितात ‘४ सॅटा, २ एम.२’, आणि दोन्ही एकदम मिळणार नाहीत ही गोष्ट तळटिपेत ढकलतात.

धागाकर्ता

खाचा दोन आहेत. आणि टीपही सापडली: खालच्या एम.२मध्ये सॅटा प्रकारचा एसएसडी असेल तर चौथा सॅटा पोर्ट बंद राहील. पण एसएसडी एम.२ आहे, मग सॅटा कसा?

प्रतिसाद १

एम.२ हा नुसता आकार आणि स्लॉटचा प्रकार. त्याच आकारात सॅटावाले एसएसडीही येतात आणि पीसीआयई या जास्त वेगवान जोडणीवर चालणारे एनव्हीएमईही. दोन खाचा म्हणजे बहुतेक वेळा सॅटा. तुमच्या बोर्डावर चौथ्या पोर्टची वायरिंग आणि खालच्या एम.२ची सॅटा वायरिंग चिपसेटच्या (बोर्डावरच्या नियंत्रक चिपच्या) एकाच वाटेवर आहे. एका वेळी एकालाच जाता येतं. केबल बदलून काही होणार नव्हतं.

टीप फक्त सॅटा प्रकाराबद्दल असेल, तर तिथे एनव्हीएमई एसएसडी लावल्यावर चौथा पोर्ट चालू राहील. मात्र काही बोर्डांवर एनव्हीएमई लावला तरी पोर्ट जातात, एखादेवेळी दोन-दोन. म्हणून खरेदीआधी टीप शेवटपर्यंत वाचा.

कार्डाबद्दल: एएसएम११६६ चिपचं (सहा पोर्ट) किंवा जेएमबी५८५चं (पाच पोर्ट) बघा. दोन्ही पीसीआयई ३.०च्या दोन लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतात, म्हणजे सगळे मिळून सेकंदाला दोन जीबीच्या आसपास. हार्डडिस्क एकटी २००-२५० एमबीच्या वर क्वचित जाते, तेव्हा पुरून उरेल. एका छोट्या चिपवर पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टाचे अनेक करणारी चिप) लावून आठ-दहा पोर्ट दाखवणारी स्वस्त कार्डं टाळा. त्यांतली एक डिस्क अडखळली की शेजारच्याही डिस्क अधूनमधून गायब होतात आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात. वेगाची खरी गरज अडीच इंची एसएसडीला असते, तो बोर्डावरच्या पोर्टलाच ठेवा आणि हार्डडिस्क कार्डावर न्या. कार्ड ज्या स्लॉटमध्ये लावणार, तोही खालच्या एम.२शी लेन वाटून घेतो का, हे त्याच पानावर असतं.

प्रतिसाद २

१२ टीबीवाल्या डिस्कबद्दल. अशा डिस्कमध्ये सॅटा पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंद राहते. ती मुद्दाम दिलेली सोय आहे, सर्व्हरमध्ये दुरून डिस्क बंद-चालू करण्यासाठी. जुन्या पद्धतीचा एसएमपीएस त्या पिनेला सतत ३.३ व्होल्ट देतो, म्हणून डिस्क गप्प बसते. तुमची लक्षणं अगदी तीच आहेत.

दोन उपाय. एक, तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पातळ चिकटपट्टी) अचूक चिकटवणं. नाजूक काम आहे, शेजारची पिन झाकली तर नवीनच घोळ. दोन, मोलेक्समधून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमधून) सॅटा पॉवर काढणारा अडॅप्टर. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट नसतातच. मात्र अडॅप्टर असा घ्या, ज्याच्या कनेक्टरमध्ये तारा दाबून बसवलेल्या बाहेरून दिसतात. प्लॅस्टिक ओतून साचेबंद केलेल्या अडॅप्टरमध्ये तारा आत एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

एका केबलवर किती डिस्क, तर सॅटा पॉवर कनेक्टरची १२ व्होल्टची बाजू सुमारे ४.५ अँपिअर सोसते. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना साधारण २ अँपिअर ओढते. म्हणून एका सॅटा कनेक्टरमधून स्प्लिटरने दोन डिस्क काढणं म्हणजे काठावरचं काम, चार तर नकोच. एसएमपीएसपासून वेगळ्या केबल ओढा. आणि दुसऱ्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल कधीही वापरू नका. डिस्ककडचं टोक सारखं दिसतं, एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि चुकीच्या व्होल्टेजने डिस्क जागीच जाते.

धागाकर्ता

खूप आभार दोघांचे! अडॅप्टर लावला आणि १२ टीबी फिरली. पण विंडोज ‘डिस्क इनिशिअलाइझ करा’ (म्हणजे कोऱ्या डिस्कसारखी नव्याने तयार करा) म्हणतंय. आत जुना डेटा आहे. करू का?

प्रतिसाद २

अजिबात नको, रद्द करा! काही एक्स्टर्नल डब्यांचं सर्किट डेटा एन्क्रिप्ट करतं (सांकेतिक रूपात लिहितं) किंवा सेक्टरचा (डिस्कवरच्या डेटाच्या छोट्या कप्प्याचा) आकार बदलून दाखवतं, तेव्हा डिस्क थेट जोडली की ती कोरी वाटते. डिस्क पुन्हा डब्यात घाला, डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, मग आत लावून इनिशिअलाइझ करा. त्या वेळी विचारलेल्या दोन मांडण्यांपैकी जीपीटी निवडा, एमबीआर या जुन्या मांडणीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही.