पंगत बंद आणि बर्डी उघडी, हेच बरोबर होतं

इतवारी_ठोक
काल दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं: "करोनात दुकानदारांनी रडून रडून बाजार उघडून घेतले, साथ पसरवली, आणि भोगलं कोणी? वर्षातून एकदा महालक्ष्म्यांना जमणाऱ्या घरांनी. दहा माणसं घरी जेवली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?" वर त्याला अंगठ्यांची रांग. दोन ओळींत भागेना म्हणून हा वेगळा धागा, नागपूरपुरता. (बाहेरच्यांसाठी: बर्डी म्हणजे सीताबर्डीचा बाजार, महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी.) एकच विनंती: आपापल्या घरच्या कहाण्या नकोत, हिशोब मांडा.

साथ पसरायला तीन गोष्टी लागतात: किती वेळ, किती कोंदट हवा, किती उघडी तोंडं. दुकानात गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं, तोंड झाकलेलं, समोरचं शटर सताड उघडं. पंगतीत तोच माणूस दीड तास बसतो. तोंड झाकून जेवता येत नाही. "एकच पुरणपोळी घ्या हो" हा आग्रह कुजबुजत होत नाही. आणि माश्या येतात म्हणून खिडक्या लावलेल्या. २०२० साली महालक्ष्म्या २५ ऑगस्टला बसल्या, २६ला जेवणं झाली. लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस, घरातल्या दुसऱ्या फेरीला आणखी पाच-सहा, दम लागून खाट शोधायची वेळ यायला आणखी आठवडा. मोजा बोटांवर. सप्टेंबरच्या मध्याला मेयो-मेडिकल या सरकारी रुग्णालयांत काय हालत होती ते नागपूरकरांना सांगायला नको.

उलट बाजाराला काय मिळालं? एप्रिल २०२१च्या आदेशाने किराणा-भाजी सकाळी ७ ते ११. बारा तासांची गिऱ्हाइकं चार तासांत कोंबली की दर तासाची गर्दी तिप्पट. ती गर्दी व्यापाऱ्याने केली का? २०२०चा पाडवा २५ मार्चला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी. २०२१चा १३ एप्रिलला, आणि त्याच रात्री पुढचे निर्बंध जाहीर. अक्षय तृतीया दोन्ही वर्षं शटरमागे गेली. गांधीबागेत लग्नसराईचा कपडा महिना-दोन महिने आधी उधारीवर भरलेला असतो. मुदत भरते, डिझाइन जुनं पडतं, पण भाडं, व्याज आणि वीजबिलातला स्थिर आकार काही थांबत नाही.

महालची_सून
शटर सताड उघडं म्हणे! गांधीबागेतली तळघरातली गोदामं कुणाची आहेत मग? आठ फूट रुंद, पंचवीस फूट खोल दुकान, मागे भिंत, वर माळा, हवा जायला वाट नाही. गिऱ्हाईक दहा मिनिटांत जातं हे मान्य. पण आतली चार पोरं दहा तास तिथेच असतात, आणि दुपारी दोनला मास्क काढून एकाच गठ्ठ्यावर डबे उघडतात. ती रोजची पंगत तुमच्या हिशोबात आली नाही. वर्षातून एकदाची बरोबर आली.

दुसरं, सण म्हणजे नुसती हौस असं समजूच नका. चितार ओळीतल्या मूर्तिकारांचं वर्षभराचं पोट भाद्रपदावर आहे. २०२० साली मूर्तीला मंडळात चार फूट, घरी दोन फूट ही मर्यादा जाहीर झाली ११ जुलैला, गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला. मोठ्या मूर्तीचा सांगाडा, पेंढा, पहिला मातीचा थर आधीच चढलेला असतो. आठ फुटांचा सांगाडा कापून चारचा होत नाही, प्रमाणच बिघडतं. ती मोडावीच लागते. केळीची पानं, शेवंती, कमळं, आचारी, वाढपी ही सगळी तुमच्यासारखीच कमावणारी माणसं. फक्त त्यांची संघटना नाही, म्हणून "उपजीविका" म्हटलं की फोटो तुमच्या शटरचा छापून येतो.

आणि सप्टेंबरचं खापर एकट्या महालक्ष्म्यांवर? त्याच दिवसांत पोळा झाला, गणपतीच्या खरेदीला बर्डीवर झुंबड होती, बंधनं सैल होत होती. यातलं कशाने किती, हे वेगळं काढायची चाळणी तुमच्याकडे आहे?

तर्रीवाला_भाऊ
राजेहो, तुमी दोघंबी पक्क्या छताखालचे. ठेल्यावाल्याचं कोनी बोलत नाई. पार्सलले परवानगी हाये म्हने. तर्री-पोह्याचं पार्सल करून पाहा एकदा. पोह्यावर तर्री ओतून पिशवी बांधली का पाच मिनिटात लगदा. तर्री येगळी द्या, चिवडा येगळा, कांदा-लिंबू येगळा, म्हंजे एका प्लेटीमागं चार पुड्या. पन्नी-डब्याचाच खर्च चार-पाच रुपये, प्लेट इसाची. उरलं काय? खिशात वारा.

सावजी खानावळीचं तर इचारूच नका. त्याचं गिऱ्हाईक रात्री आठनंतरचं. जून २०२१च्या शेवटी जिल्हा निर्बंधाच्या तिसऱ्या स्तरात टाकला, चार वाजता बंद. दुकानाईले ऑगस्टच्या सुरुवातीले आठपर्यंत मोकळीक भेटली, खानावळीले मातर १५ ऑगस्टलोक वाट पाहा लागली. चाराले शटर टाकनारा सावजी म्हंजे दुपारी निंघनारा चंद्र. अन् मदत? नोंदनी असंल त शासनाचे पंधराशे, अन् केंद्राच्या स्वनिधी योजनेचे धा हजार, तेबी कर्ज. दिवसाले शंभर प्लेटी इकनाऱ्याचा एका दिवसाचा गल्ला दोन हजार असते. म्हंजे पंधराशे रुपये एक दिवसबी नाई.

इतवारी_ठोक
@महालची_सून तळघर आणि डब्याचा मुद्दा... ठीक आहे, घेतला. पण त्यावर उपाय आहे: डबे दोघा-दोघांनी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फरकाने, शटरबाहेरच्या पायरीवर. पंगतीला असा उपाय सांगा.

खसची_टट्टी
सांगतो. कूलर.

हसू नका. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो, बाहेरची हवा शून्य. आपला खिडकीतला डेझर्ट कूलर बाहेरचीच हवा ओढतो. बारा बाय पंधराची, दहा फूट उंच बैठक म्हणजे अठराशे घनफूट, साधारण ५१ घनमीटर. डब्यावर तासाला तीन हजार घनमीटर लिहिलेला कूलर असेल तर टट्ट्या (कूलरच्या बाजूंचे गवताचे पडदे) आणि अडथळे धरून निम्मा पकडा. तरी तासाला तीसेक वेळा खोलीतली हवा बदलली. रुग्णालयातल्या खोल्यासुद्धा एवढं मागत नाहीत. त्याच खोलीत एसी लावून दार बंद केलं आणि दहा माणसं बसवली, तर तासाभरात कार्बन डायऑक्साइड दोन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार) पुढे. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो, आणि खोलीत आठशेच्या आत राहिला तर हवा खेळती समजतात. या वायूने रोग होत नाही, पण एकमेकांनी सोडलेला श्वास आपण किती घेतोय त्याचं ते माप आहे.

सॅनिटायझरच्या बाटल्यांवर उडवला तेवढा पैसा मापयंत्रांवर गेला असता तर हा धागाच निघाला नसता.

मंगल_केटरर
भाऊ, भाद्रपदात कूलर? दमटपणाने पापड वाकतील आणि पाहुणेही.

खसची_टट्टी
पंप बंद ठेवायचा ना! टट्ट्या कोरड्या, टाकी रिकामी, नुसता पंखा. रिकाम्या टाकीत डेंग्यूचे डासही होत नाहीत, तो वेगळा फायदा. (पाणी ठेवायचंच असेल तर आठवड्यातून एकदा टाकी उपसून, घासून कोरडी करा. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी फेकून भागत नाही.) मुख्य अट वेगळीच आहे आणि लोक तिथेच चुकतात: कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, निदान कूलरच्या तोंडाएवढं. हवा जायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो. आणि कूलर खोलीच्या आत मांडला तर तो एसीचाच गरीब भाऊ.

महालची_सून
आणि कूलरच्या झोतासमोर बसलेला खोकला, तर त्याचं सगळं शेवटच्या पानापर्यंत पोचेल, त्याचं काय?

खसची_टट्टी
बरोबर शंका आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटात हेच झालं होतं. २४ जानेवारी २०२०, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आदल्या दिवशी, शेजारशेजारच्या टेबलांवर तीन कुटुंबं जेवत होती, आधीच्या एका बाधितासह दहा जण बाधित निघाले. एसीचा झोत त्या तीन टेबलांवरून फिरत होता. पण खरी गोम ही की तिथे बाहेरची हवा नव्हती, एक्झॉस्ट बंद होते. झोत होता आणि बाहेर जायची वाट नव्हती. म्हणून कूलरची पाती वर, छताकडे वळवायची, पानं झोताला आडवी मांडायची, आणि आजी-आजोबांना कूलरच्या जवळ बसवायचं, कारण ताजी हवा आधी तिथे येते. आपण नेमकं उलटं करतो. "वारा लागेल" म्हणून त्यांना टोकाच्या कोपऱ्यात बसवतो.

मंगल_केटरर
हे सगळं घरापुरतं. मंगल कार्यालयं गेल्या पंधरा वर्षांत एसीची करून ठेवली, त्याचं काय? ही माझी जुनी चीड आहे, मांडतोच. पूर्वी कार्यालयाला चौक होता, वर कापडी मांडव, बाजूला कूलर. आता काच बंद, पडदा बंद, आणि वर "फुल्ली एसी"चे भाडे. एप्रिल २०२१चा नियम होता २५ माणसं, दोन तास, एकच हॉल, मोडलं तर पन्नास हजार दंड. मोकळ्या लॉनवर पन्नास आणि काचेच्या डब्यात पंचवीस असा फरक तेव्हा केला असता तर आमचीही सोय झाली असती आणि लागणही कमी झाली असती. डिसेंबर २०२१मध्ये जाऊन बंदिस्त जागेत शंभर आणि उघड्यावर अडीचशे असा भेद आला, तोही आठवड्याभरात पुसून सरसकट पन्नास.

पंचवीस माणसांचं गणितही ऐका. एक आचारी, दोन मदतनीस, चार वाढपी, भट्टी, भांड्यांची गाडी. शंभर पानांना हीच माणसं लागतात आणि पंचवीसला यातलं एखादंच कमी होतं. ताटामागची मजुरी तिप्पट-चौपट. वऱ्हाडी म्हणतात, माणसं कमी मग पैसे कमी. आदल्या दिवशी कार्य रद्द झालं तर किराणा परत जातो. खवा, पनीर, फोडलेली भाजी जात नाही.

इतवारी_ठोक
धागा बाजाराचा होता. इथे कूलरची एजन्सी उघडली.

तर्रीवाला_भाऊ
एजन्सीबी चारालेच बंद होनार भौ.

महालची_सून
कूलर बैठकीत लावलात. स्वयंपाकघराचं काय? पंगतीतली डोकी मोजणाऱ्यांना आतल्या बायका कधी दिसल्याच नाहीत. सोळा भाज्या निवडणं-चिरणं, पुरण शिजवून वाटणं, आंबील, कढी, वडे, पाच कोशिंबिरी. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत सहा-सात बायका दहा बाय दहाच्या खोलीत, तीन शेगड्या पेटलेल्या. ज्योत फडफडते म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. घाम पुसताना मास्क किती वेळ टिकतो? जेवायला त्या शेवटी बसतात, म्हणजे पंगत दीड तास आणि रांधणाऱ्यांची आठ तास. धोका तिथे होता. "घरी दहाच माणसं" हा आकडा पाट मोजून काढलेला.

उपाय माहीत आहेत, करत कुणी नाही. बारा इंची एक्झॉस्ट लावा, पण दार उघडं ठेवून, नाहीतर तो हवा ओढणार कुठून? भाज्या निवडणं आदल्या संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर. पुरण ज्या-त्या घरी शिजवून आणावं. डाव उभा राहील इतकं घट्ट आटवलं तर दुपारपर्यंत आंबत नाही, सैल राहिलं तर भाद्रपदातल्या दमट हवेत वास धरतंच. आणि ताटं घरपोच द्यायची तर पोळी वाफ जाऊन गार झाल्यावर कागदात. गरम पोळी डब्यात कोंबली की घाम सुटून चिकट होते. कढी-आंबील ॲल्युमिनियमच्या डब्यात अजिबात नको, आंबट आहे, धातूची चव उतरते.

इतवारी_ठोक
म्हणजे शेवटी तुम्ही माझंच म्हणता. पंगत धोक्याची होती.

महालची_सून
तुमचं नाही म्हणत. तुम्ही "पंगत बंद" म्हणालात, मी ती कशी करावी ते सांगतेय. तुमचं दुकान "काळजी घेऊन चालू" आणि आमचं घर मात्र "बंद", हा शहाणपणा कुठला? आणि तुमच्या बोटांवरच्या हिशोबाचं बोला. १४ नोव्हेंबर २०२०ला लक्ष्मीपूजन, सोळाला भाऊबीज. बर्डीवर पाय ठेवायला जागा नव्हती आणि घरोघरी भाऊ जेवले. तुमच्या मोजणीने डिसेंबरच्या सुरुवातीला सप्टेंबरसारखी लाट यायला हवी होती. आली का? ती आली फेब्रुवारी-मार्चमध्ये. १५ मार्चला इथे टाळेबंदी लावली, तरी एप्रिलमध्ये जिल्ह्याचा रोजचा आकडा सात हजारांपलीकडे गेलाच.

इतवारी_ठोक
दिवाळीतली बर्डी बिनधोक ठरली, हे माझ्याच बाजूचं झालं.

महालची_सून
आणि भाऊबीजही. दोन्ही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा.

इतवारी_ठोक
...सप्टेंबरात अनेकांना होऊन गेला होता, नोव्हेंबरात खिडक्या उघड्या असतात, अशी कारणं देता येतील. पण तीच कारणं मी महालक्ष्म्यांना लावली नव्हती, हे खरं. बरं, "पंगत बंद"मधलं "बंद" मागे घेतो. "खिडकी उघडी असेल तर" असं वाचा. सात ते अकराच्या मूर्खपणाबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

खसची_टट्टी
तो कुणी मागितलाच नव्हता. उन्हाळ्यात नागपूरचा बाजार संध्याकाळी सहानंतर भरतो, कारण दुपारी पंचेचाळीस अंशांत कुत्रंही बाहेर पडत नाही. वेळा समुद्राकाठच्या घड्याळाने ठरल्या की असंच व्हायचं. रात्री नऊपर्यंत दुकानं उघडी ठेवली असती तर गिऱ्हाईक आपसूक पांगलं असतं.

तर्रीवाला_भाऊ
अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा? त्यासाठी मास्क खाली सरकते त्याची हवा कोनता कूलर बदलनार?

मंगल_केटरर
त्याला वेगळा धागा काढा, भाऊ. इथे अजून कार्यालयाच्या एसीचं भाडं परत मिळालेलं नाही.